रेवण्णांचा पंखा

रेवण्णा मेत्रे बसलेले दिसले की समजायचं, माणसाला ताप आलाय. मी त्यांना दोनदाच बसलेलं पाहिलं आणि दोन्ही वेळा खरोखरच ताप होता. एरवी ते उभे. भाकरी उभ्यानं, चहा उभ्यानं, गप्पाही उभ्यानंच. आणि नुसतं उभं राहणं नव्हे. या पायावरचा भार त्या पायावर, त्या पायावरचा पुन्हा या पायावर, बगलेत काळ्या लोकरीचा पुंजका आणि हातात टकळी. मांडीवर घासून सोडली की ती भिरभिरत खाली जायची, सूत लांबायचं, ते गुंडाळायचे, पुन्हा सोडायचे. डोळे एकीकडं, कान दुसरीकडं, हात तिसरीकडं. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की आपलाही पाय हलायला लागायचा.

आमचं धरण खजुरीच्या पलीकडं आहे. तिथं कन्नड पाट्या संपून मराठी पाट्या सुरू होतात आणि मधल्या दोन मैलांत माणसं दोन्ही भाषांत भांडतात. धरणावर बोटिंग सुरू करायचं ठरलं तेव्हा तिकिटं फाडायला आणि कागद सांभाळायला मला घेतलं. मी बी.एस्सी. आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं. अंगठा उठवताना तो मान खाली घालायचा. म्हणून मी सही करते तेव्हा मान वर ठेवून करते. हे इथं सांगायचं कारण असं की, रेवण्णांची आणि माझी सगळी गोष्ट या सहीपाशीच अडली होती.

बोट एकच होती. फायबरची, पांढरी, बारा माणसांची, मागं चाळीस घोड्यांचं इंजिन. कुठल्या तरी समुद्रकाठच्या गावातून जुनी विकत आणलेली. चालवायला इस्माईलभाई. ते आधी ट्रॅक्टर चालवायचे आणि बोटीवर बसल्यावरही डाव्या पायानं क्लच शोधायचे. रिकामी बोट छान पळायची. बारा माणसं बसवून पलीकडच्या टेकडीला नेली आणि दुपारचं वारं सुटलं की मात्र परत येताना रडायची. इंजिन घुमायचं, धूर सोडायचं आणि बोट म्हशीसारखी जागच्या जागी डुलायची. मॅनेजर बिरादार साहेबांनी शहरातून मेकॅनिक आणला. त्यानं दोन दिवस हॉटेलातलं जेवण जेवून सांगितलं, इंजिन खोलावं लागेल.

त्याच दिवशी रेवण्णा बागेतला पाण्याचा पंप बघायला आलेले. पंप झाला होता, पण जायचं सोडून ते धक्क्यावर उभे राहून टकळी फिरवत बोटीकडं बघत होते. बोट वळली, परत आली. रेवण्णा मला म्हणाले,

"अक्का, इंजिन खोलू नका म्हनावं. इंजिन चांगलं हाय."

मी त्यांच्या लेकीच्या वयाची, पण आमच्याकडं बाईमाणसाला अक्काच म्हणतात.

"मग काय झालंय, अण्णा?"

"लहान बैलाला मोठा नांगर जुंपलाय. मागचा पंखा बदला."

पंखा म्हणजे प्रोपेलर. कागदावर प्रोपेलर, धरणावर पंखा. शहरातल्या मेकॅनिकला हसू आलं. "तुम्हाला काय कळतं हो बोटीतलं?" त्यानं विचारलं. रेवण्णांनी खिशातून एक बोल्ट काढला. त्यांच्या खिशात बोल्ट, वायसर, बडीशेप आणि लोकर एकत्रच असायची.

"हे बघा. ह्याचे आटे लांबलांब हायत. एका फेऱ्याला बोल्ट झपकन आत जातोय. पर आवळायला जोर लई लागतोय, हात मोडतोय. बारीक आट्याचा बोल्ट हळू जातोय, पर लहान पोरगं बी आवळतंय. पंखा म्हंजे पान्यातला बोल्टच की. तुमच्या पंख्याचे आटे लांब हायत."

मी खाली वाकून पंख्यावर कोरलेले आकडे वाचले. पहिला पंख्याचा व्यास. दुसरा आकडा तेरा, म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यात तेरा इंच पुढं जायला बघतो. इंजिनच्या पत्र्यावर लिहिलं होतं की पूर्ण रेस दिल्यावर मिनिटाला पाच ते सहा हजार फेरे झाले पाहिजेत. भरल्या बोटीला आमचं इंजिन चार हजारांच्या थोडं वर जाऊन दमत होतं. दुसरीपर्यंत शाळा शिकलेल्या माणसानं हे आकडा न बघता सांगितलं होतं. मेकॅनिक संध्याकाळच्या बसनं गेला.

बिरादार साहेब व्यवहारी माणूस. त्यांनी दुकानदाराला गळ घालून दोन पंखे बघण्यापुरते मागवले. एक अकरा इंची, म्हणजे दुसरा आकडा अकरा, तीन पात्यांचा. दुसरा दहा इंची, चार पात्यांचा. जो बसेल तो ठेवायचा, दुसरा परत. वरच्या ऑफिसचा एक फॉर्मही आला. भरल्या बोटीची चाचणी घेऊन तो भरायचा आणि खाली 'चाचणी घेणारा' म्हणून पदवीधर माणसाची सही. फॉर्म पोचल्याशिवाय तिकीट फाडायचं नाही. शनिवारपासून सुट्ट्या लागत होत्या, शुक्रवारी फॉर्म जायला पाहिजे होता.

"सही सुवर्णाबाई करतील. काम रेवण्णा करतील. झालं!" बिरादार साहेब म्हणाले.

रेवण्णांची टकळी थांबली. "माझ्या कामावर हिची सही?"

"तुमचं शिक्षण चालत नाही त्यांना."

"ते चालू द्या न्हाई तर नका चालू. पर काम बिघडलं तर बोलनं कोन खानार?"

"ज्याची सही तो," साहेब हसत म्हणाले.

त्या दिवसापासून रेवण्णांची तगमग वाढली. तसा त्यांचा स्वभाव मुळातच तो. एकदा चिटगुप्प्याला लग्नात पंगतीला वाढून झालेलं, तेवढ्यात लांब कुणाच्या तरी रानातला पंप खडखडताना ऐकून हे ताट टाकून गेले. नवरी सासरी निघाली तेव्हा ग्रीसनं काळे हात घेऊन परत. "पान्याचा आवाज सुकलता," एवढंच म्हणाले. स्वतः दुरुस्त केलेला पंपसुद्धा दुसऱ्या दिवशी जाऊन ऐकून यायचे, लोक हसायचे. मालक म्हणायचा, "चालायलाय की अण्णा, झ्याक." हे म्हणायचे, "अजून एक डाव बघू." बिरादार साहेब त्यांना मागून 'एकडाव अण्णा' म्हणायचे. पण तोवर ती तगमग स्वतःच्या कामापुरती होती. आता तिला माझं नाव चिकटलं.

चाचणीला अंतर पाहिजे. ते त्यांच्याकडं होतं. धरणाचं पाणी चढायच्या आधी जी विजेची लाइन होती तिचे आठ खांब अजून पाण्यात उभे आहेत, तारा नसलेले, प्रत्येकावर एक बगळा. त्या खांबांचे खड्डे रेवण्णांनी तरुणपणी मजुरीवर खणले होते. दोन खांबांत पन्नास मीटर, हे त्यांना दोरीनिशी पाठ होतं. मी वहीत लिहिलं, आठ खांब, चारशे मीटर. रेवण्णा खांद्यावरून बघत होते. त्यांना आकडे वाचता यायचे.

"अक्का, आठ मेंढरं वळीनं हुबी केली तर मधी फटी किती?"

"आठ."

"परत मोज."

मी बोटांवर मोजलं. सात. इस्माईलभाईंनी तोंड फिरवून हसू लपवलं. मी चारशे खोडून साडेतीनशे लिहिलं. रेवण्णा म्हणाले, "धनगराचं पोरगं असती तर पाचव्या वर्षीच कळलं असतं. त्याला कालेज लागत न्हाई." मला राग आला. खरं सांगते, आजही थोडा येतो.

मी मोबाइलवर वेळ धरायची. रेवण्णा धरायचे सुतावर. बोट पहिल्या खांबाशी आली की टकळी सोडायची, आठव्या खांबापर्यंत जेवढं सूत निघेल तिथं गाठ. वाऱ्याच्या संगं एकदा, वाऱ्याच्या तोंडी एकदा. बोट जितकी वेगात, तितका दोन गाठींमधला दोरा आखूड. प्रत्येक पंख्याचा दोरा ते वेगळा ठेवायचे आणि संध्याकाळी माझ्या वहीशेजारी दोरे ताणून धरायचे. मला वाटलं, हा वेडेपणा आहे. पण चाळीस वर्षांचा हात होता तो. एका फेरीला दोरा आणि माझी वेळ जुळेना, तेव्हा माझाच मोबाइल मधे आलेल्या फोननं अडखळला होता.

"तुजं घड्याळ लोकाचं फोन बी उचलतंय," ते म्हणाले. "माजी टकळी कुनाचंच ऐकत न्हाई."

बारा माणसांच्या वजनाची वाळू पोत्यांत भरून बोटीत ठेवली आणि तेरा इंची पंख्यानं सुरुवात केली. दोरा लांबच लांब. मग अकरा इंची तीन पात्यांचा. इंजिन मोकळं झालं, सव्वापाच हजारांवर गेलं, बोट उठली आणि दोरा एकदम आखूड! इस्माईलभाई ओरडले, "हौ अण्णा, अब भागी!" शेवटी दहा इंची चार पात्यांचा. इंजिनचे फेरे जवळपास तेवढेच, पण वेळ सहा-सात सेकंद जास्त.

"अकरावाला ठेवायचा," बिरादार साहेब म्हणाले. "टुरिस्टाला थरार पाहिजे. चार पात्यांचा पॅक करा, परत."

"सायेब, करू नका पॅक."

"का? आकडे बघा की सुवर्णाबाईंचे."

"आकडे बरुबर हायत. वाळू बरुबर न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मलाही कळलं नव्हतं. पोती मी स्वतः काट्यावर मोजून घेतली होती.

"वाळू हालत न्हाई की अक्का," रेवण्णा म्हणाले. "माणूस हालतोय. टेकडीजवळ मोर दिसला की समदी म्होरं पळतेत फोटू काढाय. मी बघून ठेवलंय. म्होरचं तोंड खाली, मागचं बूड वर. तवा पंखा पानी खायाचं सोडून वारं खाईल."

"मग पोती पुढं सरकवून बघू," मी म्हणाले.

"पोती आधी सरकवून निघनं येगळं. चालत्या बोटीत येकदम पळनं येगळं. आन ते बी वाऱ्याच्या तोंडी. जितं परत यायचंय तितं."

"आता माणसं कुठून आणायची मरायला?" साहेब वैतागले. "उद्या फॉर्म जायचाय."

मला घाई होती. वही माझी, आकडे माझे, फॉर्मवरची प्रत्येक ओळ मी सुवाच्य अक्षरात भरलेली. गुरुवारी संध्याकाळी मी सही केली. रेवण्णा खिडकीशी आले तेव्हा शाई वाळत होती.

"केलीस व्हय?"

"व्हय अण्णा. सगळं नियमात बसतंय."

ते त्या सहीकडं वाकून बघत राहिले, पाय हलवत. "ह्यात तुजं नाव कुटं हाय?"

मी बोटानं दाखवलं.

"आन बापाचं?"

"हे मधलं."

"त्यानं अंगठाच उटवला न्हवं जन्मभर?" ते म्हणाले. माझ्या बापाला ते ओळखत होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. "अक्का, ही सही लई लांबून आलीया. असल्या पंख्यावर नगं ठिवू."

मी म्हणाले, अण्णा, तुम्ही उगीच जिवाला घोर लावून घेता. ते चार पात्यांचा पंखा ठेवलेल्या खोक्याकडं बघून निघून गेले.

शुक्रवारी फॉर्म गेला नाही. नेणारा माणूस आला नाही. साहेब म्हणाले शनिवारी मीच सकाळी मोटारसायकलवर टाकतो, तोवर तिकिटं सुरू करा. शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही धक्क्यावर आलो, तर बोटीला पंखाच नव्हता.

पंख्याचा नट, पिन आणि वायसर एका डब्यात नीट झाकून सीटवर ठेवलेले. आणि रिकाम्या दांड्याला काळ्या सुतानं बांधलेली रेवण्णांची टकळी. ऑफिसच्या खोलीत चार पात्यांचं खोकंही रिकामं.

"चोरी!" बिरादार साहेब ओरडले. "पोलिसात देतो म्हाताऱ्याला!"

"साब, चोर अपनी टकळी रख के जाता क्या?" इस्माईलभाई म्हणाले.

रेवण्णा एकदा मला म्हणाले होते, कुणाची वस्तू न विचारता न्यायचीच झाली तर आपली त्याहून जवळची वस्तू तिथं ठेवून जावी, म्हणजे नेणारा परत येतो. ती टकळी त्यांच्या बापाची होती. मी साहेबांना एवढंच सांगितलं, "येतील."

नऊपर्यंत पन्नास-साठ माणसं जमली. गुलबर्ग्याहून गाड्या आलेल्या, करजगीकडचं एक कुटुंब बायकापोरांसकट, हातात चिवड्याच्या पिशव्या. साहेब सगळ्यांना सांगत होते, टेक्निकल कारण आहे, दहा मिनिटं. आणि बांधावरून धूळ उठली.

पुढं रेवण्णा. खांद्यावर घोंगडीच्या खोळीत दोन पंखे. मागं मेंढरं.

"बावीस हायत," जवळ येऊन ते मला म्हणाले, जणू मीच मागवली होती. "भावाची. दोन मेंढरं म्हंजे येक मानूस. दोन मानसं इस्माईल आन मी."

अकरा आणि दोन तेरा. ड्रायव्हर धरून हिशोब चोख होता. मी या वेळी बोटांवर मोजून बघितलं.

"हे काय चाललंय?" साहेबांचा आवाज चिरकला. "लोकांसमोर तमाशा? पंखा इकडं द्या!"

"देतो की. आधी अकरावाला लावतो. मेंढरं बसवतो. खांबापाशी छातीइतकंच पानी हाय, कुनी बुडत न्हाई. म्या चूक निघालो तर ह्याच मेंढरांतलं येक कापून समद्यास्नी जेवाय घालतो."

गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. "घाला घाला, मेंढरं घाला!" "टिकट फुल का हाफ?" इस्माईलभाईंनी विचारलं.

साहेब माझ्याकडं वळले. "सुवर्णाबाई, तुमची सही झालीय. सांगा यांना, चाचणी संपली म्हणून."

सगळे माझ्याकडं बघत होते. रेवण्णा सोडून. ते पाण्याकडं बघत पाय बदलत होते. मी फॉर्म काढला, माझ्या सहीवर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "नाही साहेब. संपली नाही."

बाकं काढली, मेंढरं चढवली. चढवणं सोपं होतं. एक म्होरकी शिंगवाली मेंढी होती, ती चढली की बाकीची तिच्यामागं धकाधकी करत चढली. बोट भरली. रेवण्णा पुढच्या टोकाला, हातात हिरव्या कडवळाची पेंडी घोंगडीखाली लपवलेली. दुपारी जोर धरणारं वारं दहाच्या सुमाराला सुटतं तसं सुटलं होतं.

वाऱ्याच्या संगं जाताना बोट झकास पळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. आठव्या खांबाला वळून बोट वाऱ्याच्या तोंडी लागली. सहावा खांब, पाचवा. आणि रेवण्णांनी घोंगडी झटकून पेंडी वर धरली.

म्होरकी पुढं झेपावली. तिच्यामागं एकवीस. बोटीचं तोंड पाण्यात, मागचं बूड वर, आणि इंजिननं अशी किंकाळी फोडली की खांबांवरचे सगळे बगळे एकदम उडाले. मागं नुसता फेस. बोट थांबली. नुसती थांबली नाही, आडवी झाली आणि वाऱ्यानं मागं मागं सरकायला लागली, धरणाच्या दगडी उताराकडं. इस्माईलभाई रेस देत होते आणि जेवढी रेस तेवढी किंकाळी. म्होरकी बिथरली आणि तिनं पाण्यात उडी मारली. मग तिच्यामागं दुसरी, तिसरी. मेंढरांची रीतच ती. रेवण्णा घोंगडीसकट पाण्यात उतरले आणि त्यांनी छातीभर पाण्यात उभं राहून बोट हातानं धरली.

धक्क्यावर कुणी हसत नव्हतं. करजगीकडच्या कुटुंबातल्या एका बाईनं आपली दोन्ही पोरं जवळ ओढून घेतली. पहिल्या फेरीच्या रांगेत पहिला नंबर तिचाच होता.

मेंढरं पोहत काठाला लागली, अंग झटकून चरायलाही लागली. रेवण्णांनी बोट काठाशी आणून, भिजलेल्या कपड्यांनिशी, चार पात्यांचा पंखा चढवला. इस्माईलभाईंकडून इंजिन एक भोक खाली बसवून घेतलं, म्हणजे पंखा पाण्यात जास्त खोल राहतो. मग पुन्हा बावीस मेंढरं, पुन्हा सहावा खांब, पुन्हा पेंडी. मेंढरं पुढं झेपावली. इंजिनचा आवाज जरा चढला, माणूस ठेचकाळल्यावर 'ऐ' म्हणतो तेवढाच, आणि परत खाली आला. पात्यांनी पाणी सोडलं नाही. बोट तोंड खाली घालून, हळू, पण सरळ धक्क्याकडं आली.

माझ्या वहीत दोन्ही पंख्यांचे पूर्ण रेसला झालेल्या फेऱ्यांचे आकडे जवळजवळ सारखेच आहेत. ते पान मी अजून ठेवलंय.

बोट धुऊन दुपारी तिकिटं सुरू झाली. पहिल्या फेरीच्या बायकांनी वासानं नाकाला पदर लावले, पण गेल्या आणि परत आल्या. रेवण्णा धक्क्याच्या पायरीवर ओल्या घोंगडीत बसले होते. मी टकळी परत दिली. अंग तापलेलं होतं.

"बसलोय म्हनून बघायलीस व्हय?" ते म्हणाले. "दोन मिंटं."

बिरादार साहेब आले. अर्धा दिवस बुडाला होता, इज्जतही गेली होती. ते म्हणाले, "रेवण्णा, उद्यापासून यायचं नाही."

"उद्या येतच न्हवतो," रेवण्णा म्हणाले. "मेंढरं घेऊन भीमेकडं जायलोय. भावाचा गुडघा धरलाय." मग जरा थांबून, "पर सायेब, सकाळी येक डाव बघून जातो."

मी नवा फॉर्म भरला. 'चाचणी घेणारा' या ओळीत रेवण्णा मेत्रे लिहिलं. शिक्षण, दुसरी. खाली, 'नोंद घेणारी' असं मीच हातानं लिहून माझी सही केली. ऑफिसनं लाल गोल करून तो परत पाठवला. मी तस्साच पुन्हा पाठवला. तिसऱ्यांदा परत आला नाही. कुणी वाचला की कंटाळून ठेवून दिला, देव जाणे. पण त्या फायलीत त्यांचं नाव आहे आणि ते माझ्या नावाच्या वर आहे.

पुढच्या हिवाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं, काठाला कोवळं गवत आलं आणि भीमेकडून कळप फिरत आले. रविवारची दुपार होती, बोट भरलेली. गर्दी असली की मीही फेरीबरोबर जाते. टेकडीवरून परत निघालो आणि तोंडावर वारं आलं. आठव्या खांबाशी आलो तेव्हा पलीकडच्या काठावर मेंढरं दिसली, आणि त्यांच्यात उभा एक माणूस, या पायावरून त्या पायावर. हात मांडीवर घासला गेला. टकळी खाली आली.

मोर दिसल्याबरोबर माणसं पुढं धावली. इंजिन 'ऐ' म्हणालं आणि खाली आलं. सहावा, पाचवा. मी श्वास धरून खांब मोजत होते. पहिल्या खांबाला त्यांनी सुताला गाठ मारली, दोरा ताणून उन्हात धरला, बराच वेळ बघितला. मी हात वर केला. म्हटलं आता तरी मान हलवतील, ठीक म्हणतील. त्यांनी एक बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं.

धक्का समोर दिसत होता. रांगेतली माणसं वाट बघत होती.

"इस्माईलभाई, वळवा," मी म्हणाले.

"कामून बाई?" मागून कुणीतरी विचारलं. "आलो की आता."

"अजून एक डाव," मी म्हणाले. इस्माईलभाईंनी एकदा काठाकडं बघितलं, डाव्या पायानं क्लच शोधला आणि बोट वळवली.